सी ड्राइव्ह वाढवण्याआधी

आज रत्नागिरीत धाकट्या भावाच्या दुकानातील संगणकाची २५६ जीबीची एसएसडी काढून १ टीबीची बसवली. बसवणे हे स्क्रू-ड्रायव्हरचे काम. वेळ गेला तो त्याआधीच्या बॅकअपमध्ये. केवळ फाइल्स कॉपी करून नवी डिस्क बूट होत नाही, कारण विंडोज ज्या छोट्या ईएफआय पार्टिशनच्या (डिस्कच्या वेगळ्या राखलेल्या भागाच्या) आधारे सुरू होते, ते फाइल एक्स्प्लोररमध्ये दिसतही नाही. म्हणून आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-कुलूप, बंद केले आणि पेनड्राइव्हवरून क्लोनझिला हे डिस्कची नक्कल करणारे सॉफ्टवेअर चालवून संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे यूपीएसची बॅटरी अगोदरच तपासली होती.

इमेज तपासून पाहण्याचा पर्याय क्लोनझिला स्वतःच देते. दारात गिऱ्हाईक ताटकळत असले तरी तो टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या डिस्कवर इमेज उतरवल्यावर विंडोज विनातक्रार सुरू झाले, परंतु सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच राहिला आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधील ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा ड्राइव्ह वाढवण्याचा पर्याय निवडताच येईना. सी ड्राइव्हच्या लगेच पुढे विंडोज दुरुस्तीसाठीचे रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून बसले होते, मोकळी जागा त्याच्या पलीकडे होती, आणि ही सोय केवळ लगतच्या मोकळ्या जागेतच ड्राइव्ह वाढवू देते. जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते पार्टिशन डिस्कच्या शेवटाला सरकवले, तेव्हा कुठे सी ड्राइव्ह वाढला.

जुनी एसएसडी पुसलेली नाही. खारी हवा लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात बंद केली आहे, आणि भावाचे जीएसटीचे पुढचे रिटर्न भरून होईपर्यंत ती तशीच राहील.