खोडरबर घरी ठेवल्यानंतर

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मी पेन्सिल वापरली ती हिशेबाच्या कागदांवर खुणा करण्यापुरतीच. स्मरणचित्राच्या पेपरात विषय बाजाराचा असो की बसथांब्याचा, मी एक ठरलेली बाई काढत असे: अंबाडा, हातात पिशवी आणि एका बाजूला वळलेला चेहरा. गेल्या वर्षी जूनमध्ये, समोर दिसतील ती माणसे काढायची असे ठरवून लोकलमध्ये वही उघडली, तेव्हा हातातून पुन्हा तीच बाई उतरली. समोर मात्र जीन्स घातलेली, मान मागे टाकून गाढ झोपलेली एक मुलगी बसली होती.

मी ठाण्याला राहते आणि माझे कार्यालय फोर्टमध्ये आहे. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या धिम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते, त्यामुळे दादरची गर्दी आत येईपर्यंत समोरचा बाक मोकळा दिसतो. तेवढीच माझी चित्रकलेची वेळ. दोन स्थानकांमध्ये दोन-तीन मिनिटे मिळतात आणि सुरुवातीला ती सगळी एक डोळा काढून तो खोडण्यात जात. दुसरा डोळा काढायच्या आत माणूस उतरून गेलेला असे. अखेर मी खोडरबर घरी ठेवला आणि साधे शाईचे पेन घेतले. आता आधी डोक्याचा कल, मग खांद्यांची रेषा, आणि शरीराचा भार नेमका कुठे टेकला आहे हे पाहून घेते. चेहरा जमला तर शेवटी. झोपलेल्या माणसाची हनुवटी छातीवर किती उतरली आहे हे एकदा बरोबर आले की नाक-डोळे नसले तरी तो झोपलेलाच दिसतो. चुकलेली रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी ओढायची, हे पचायला मला दोन महिने लागले.

माणसांना आवडेल की नाही, ही धास्ती वेगळीच होती. ज्यांनी नजरेने किंवा पदराने नकार दिला, त्यांचे चित्र मी तिथेच थांबवले. बाकीच्यांचे कुतूहल माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. “ताई, माझे नाक खरेच एवढे आहे का हो?” असे एकीने विचारले, आणि दोघींनी मिळून आधी चित्राकडे व मग तिच्याकडे पाहून, “आहे,” असा निकाल दिला.

इमारतींनी मात्र मला बराच काळ दाद दिली नाही. सीएसएमटीची वास्तू फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती. ती एका शनिवारी दीड तासात कागदावर उतरवण्याचा माझा बेत होता. समोरच्या पदपथावर उभी राहून मी डावीकडून एकेक कमान काढत गेले आणि घुमटापर्यंत पोहोचले तेव्हा कागद संपला होता. त्यातच पेनची शाई जलरोधक नाही, हे रंगाचा ओला कुंचला फिरवल्यावर कळले. जांभळट डागात सगळ्या कमानी विरघळल्या. पुढच्या खेपेस डोळे किलकिले करून पाहिले, तेव्हा तपशील नाहीसे होऊन केवळ उजेडातले आणि सावलीतले मोठे आकार उरले. तेवढेच आधी मांडले, घुमटाची जागा सर्वप्रथम पक्की केली आणि खिडक्या दोन-चारच दाखवल्या.

पावसाळ्यात जलरंग वाळत नाहीत, ही मुंबईची खास अडचण आहे. हवेत एवढा दमटपणा असतो की रंगाचा पहिला हात ओला असतानाच दुसरा त्यात पसरतो. यावर मी दोन छोट्या वह्या ठेवते: एकीतले पान उघडे वाळत असताना दुसरीत काम चालते. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घेतला की पाण्याने तो फारसा फुगत नाही. तो महाग आहे, म्हणून लोकलसाठी साधी वही आणि सुट्टीच्या दिवसासाठी हा, अशी विभागणी केली आहे.

बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवर यथादर्शनाचा, म्हणजे जवळचे-दूरचे डोळ्यांना दिसते तसे कागदावर मांडण्याचा, जो धडा मिळाला, तो शाळेत पट्टीने रेषा ओढूनही समजला नव्हता. वरच्या पायरीवर उभी राहून तलाव काढला तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग रुंद दिसत होता. थकून खालच्या पायरीवर बसले आणि तेच पाणी एका अरुंद पट्टीएवढे झाले, कारण दृष्टिपातळी माझ्याबरोबरच खाली आली होती. अर्धे चित्र उभ्याने आणि अर्धे बसून झाल्यामुळे त्या पानातला तलाव एका बाजूला कलंडल्यासारखा दिसतो आणि त्यातली बदके घसरून पडतील असे वाटते. ते पान मी फाडलेले नाही.

आता प्रत्येक चित्राखाली तारीख आणि दोन स्थानकांची नावे लिहिते. ‘भायखळा ते चिंचपोकळी’ या पानावर मांडीवर पिशवी पसरून गवार मोडणारी एक बाई आहे. तिचा डावा हात पूर्ण आहे, उजव्याचा अंगठा आणि दोनच बोटे आहेत, कारण तेवढ्यात तिच्यासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा त्याच डब्यात दिसली, तेव्हा मी घाईने ते पान उघडले. पण त्या दिवशी ती मेथी निवडत होती, आणि मेथी निवडताना बोटे वेगळीच वळतात.