उंदीर नसलेलं बेट

ऑकलंडला राहायला लागल्यापासून सोलापूरहून कुणीही आलं की मी त्यांना एका ठिकाणी हमखास नेतो. टिरिटिरी मातांगी. इथली माणसं नुसतं 'टिरी' म्हणतात. शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, हौराकी आखातात, जेमतेम २२० हेक्टरचं बेट. बोटीनं साधारण सव्वा तास. बेटावर हॉटेल नाही, वडापावची गाडी नाही, कचराकुंडीसुद्धा नाही. चालायला पायवाटा, बघायला पक्षी आणि पोहायला एक छोटी पुळण, एवढंच. यंदा जानेवारीत, गावाकडं गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चालू असताना, आई-आप्पांना घेऊन गेलो. इथं तेव्हा भर उन्हाळा असतो.

खायचं आपलं आपण न्यायचं म्हटल्यावर आईनं आदल्या दिवशीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात भरली. डबा घट्ट झाकणाचाच लागतो, पिशवीही बंद होणारी लागते. उघड्या पिशवीतून एखादा उंदीर, मुंग्या किंवा सरड्याची पोरं बेटावर पोचली तर वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात जाईल. बोटीत चढण्याआधी बुटांचे तळवे ब्रशनं घासायचे. आई म्हणाली, "देवळात जाताना तरी एवढे पाय धुतो का रे आपण?" बसायला म्हणून घेतलेल्या सोलापुरी चादरीच्या घडीत कुसळं अडकलेली होती. ती आप्पांनी चष्मा लावून एकेक वेचली, तेव्हा कुठं चादर पिशवीत गेली.

एवढी काळजी कशासाठी? न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळची सस्तन जनावरं म्हणजे फक्त वटवाघळं. तिथले पक्षी लाखो वर्षं उंदीर, मुंगूस, मांजर असलं काही न बघता वाढले. काहींनी तर उडणंच सोडलं. मग माणसं आली, त्यांच्यामागून उंदीर आले, आणि अंडी-पिल्लं फस्त व्हायला लागली. टिरीवरचे उंदीर १९९३ साली हवेतून विषारी आमिष टाकून संपवले.

बेटावर पाऊल ठेवल्यावर वाटतं, हे जंगल आदिकाळापासून असंच असणार. तसं अजिबात नाही. इथं शेती आणि मेंढीपालन होतं आणि त्यापायी बेट जवळजवळ बोडकं झालं होतं. झाडी उरली ती घळींमध्ये. १९८४ ते १९९४ या काळात स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून जास्त रोपं लावली. शाळेतली पोरं, निवृत्त माणसं, कुणीही सुट्टीच्या दिवशी कुदळ घेऊन यायचं. बेटावरच्या दीपगृहाचे शेवटचे रखवालदार रे वॉल्टर नंतर इथलेच वनरक्षक झाले आणि रोपवाटिकेतही राबले. दीपगृह १८६५ पासूनचं, दिवा अजून लागतो.

वॉटल ट्रॅक नावाची पायवाट सगळ्यात सोपी. बराच भाग लाकडी फळ्यांचा, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. वाटेत साखरपाण्याची भांडी टांगलेली असतात, त्यावर हिही आणि बेलबर्ड या इथल्या छोट्या पक्ष्यांची झुंबड. पीवाकावाका म्हणजे आपल्या नाचणचाच भाऊबंद. तो आपल्या मागं मागं येतो. प्रेमानं नव्हे, आपल्या पायांनी उडालेले किडे खायला.

दीपगृहाजवळच्या हिरवळीवर आप्पा एकदम थबकले. निळा-हिरवा, लाल चोचीचा, चांगला कोंबड्याएवढा पक्षी गवताची पात उपटत होता. पायात धरायचा, बुडखा तेवढा चावायचा, बाकी टाकून द्यायचा. "अरे, ही तर आपल्या उजनीवरली जांभळी पाणकोंबडी दिसायलीय! पण केवढी माजलीय!" नातं त्यांनी बरोबर ओळखलं. हा ताकाहे, पाणकोंबडीच्याच कुळातला, पण न उडणारा. हा पक्षी संपला असंच सगळे धरून चालले होते, पण १९४८ साली डॉ. जेफ्री ऑर्बेल यांना तो दक्षिण बेटावरच्या डोंगरात सापडला. आज सगळे मिळून ५०० च्या आसपास आहेत, आणि त्यातला एक आमच्यापासून चार हातांवर निवांत चरत होता.

मग सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा विषय निघणारच. आप्पा नोकरीत असताना मित्रांबरोबर पहाटे पहाटे माळढोक बघायला जायचे. अभयारण्य १९७९ साली झालं. आता तिथं काळवीट दिसतात, नशीब असलं तर लांडगा दिसतो, माळढोक मात्र क्वचितच. मी उत्साहात म्हणालो, आपल्याकडंही लोकांनी अशी झाडं लावायला पाहिजेत. आप्पांनी तिथल्या तिथं कान उपटले. "माळढोकाला झाड कशाला लागतंय? त्याला उघडा माळ लागतो, गवत लागतं. मादी वर्षाला एखादंच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आपले लोक माळ दिसला की पडीक म्हणतात, कुणी नांगरतो, कुणी झाडं लावून फोटो काढतो. वर विजेच्या तारा. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, आदळतो आणि मरतो." पुढची अर्धी वाट ते त्यावरच बोलत होते.

हॉब्ज बीच धक्क्यापासून जवळच आहे. वाटेत दगडांत बसवलेल्या पेंग्विनच्या पेट्या आहेत. लाकडी झाकण उचललं की आत काच, काचेखाली पेंग्विन. जगातला सगळ्यात छोटा, सुमारे किलोभर वजनाचा. एका पेटीत एक बसला होता, पिसं अर्धी झडलेली, चेहऱ्यावर पाहुण्यांबद्दल नाराजी. नवी पिसं येईपर्यंत त्यांना पाण्यात जाता येत नाही. झाकण हळूच ठेवून निघालो.

पाणी निळंशार आणि थंडगार. आप्पांचं पोहणं विहिरीतलं, काठावरून सूर मारल्याशिवाय पोहल्यासारखंच वाटत नाही. इथं आधी गुडघाभर पाण्यात चालत जावं लागतं, म्हणून वैतागले. पहिल्या घोटात मीठ लागल्यावर आणखी वैतागले. नंतर बाहेरच येईनात. आई साडी खोचून पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिली आणि पाऊण तास हलली नाही. इथलं ऊन सोलापूरसारखं भाजत नाही, पण कातडी जाळतं. सनस्क्रीन पुन्हा पुन्हा लावा, टोपी घाला.

तुमच्यापैकी कुणी इकडं येणार असाल तर बोटीचं तिकीट आधीच काढा. बोट रोज नसते, आणि दुपारची परतीची चुकली तर दुसरी नाही. धक्क्यावर उतरल्यावर स्वयंसेवकांची वाटाड्या फेरी मिळते, थोडे पैसे पडतात, जरूर घ्या. आमच्या वाटाड्या आजींनी आईला कडक भाकरीची कृती विचारली. आईनं मराठीत सांगितली, मी भाषांतर करत बसलो. केळ्याच्या साली डब्यात घालून परत ऑकलंडला आणाव्या लागतात, तेवढी एक रिकामी पिशवी जास्त ठेवा.