गंगबल ते नारानाग: ‘शेवटचा दिवस सोपा’ म्हणणारे भेटले तर सांगा

काश्मीर ग्रेट लेक्स, म्हणजे सोनमर्गजवळून नारानाग गावापर्यंतचा डोंगरी तलावांचा ट्रेक, करून आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये परतलो. निघण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी एकच भीती घातली होती: गडसर खिंड. ४२०० मीटरच्या आसपास उंची, खडा चढ, वर वारा. आणि ज्यांना ज्यांना शेवटच्या दिवसाबद्दल विचारलं, त्यांनी हात झटकला. “अरे, शेवटच्या दिवशी नुसतं उतरायचं. बारा वाजेपर्यंत नारानाग, दोनला श्रीनगरात वाझवान.”

आम्ही नारानागला पोचलो संध्याकाळी पावणेसहाला. वाझवान, म्हणजे काश्मिरी मेजवानी, राहिलं, गाडीवाल्याने लुटलं, आणि माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. ही गडसर खिंडीची करामत नाही. त्यामुळे हा वृत्तांत थोडा उलट्या बाजूने लिहितोय.

आधी आराखडा, कारण तो लागतोच. सोनमर्गजवळच्या शितकडीपासून चढाई सुरू. पहिला मुक्काम निचनाई. दुसऱ्या दिवशी निचनाई खिंड ओलांडून विशनसर तलाव. तिसऱ्या दिवशी किशनसर तलावावरून गडसर खिंड आणि पलीकडे गडसर तलाव. चौथा मुक्काम सातसर. पाचव्या दिवशी झाज खिंड ओलांडून नुंदकोल-गंगबल हे शेजारचे तलाव. तिथे एक दिवस आराम. सातव्या दिवशी नारानाग. एकूण सत्तर किलोमीटरच्या आसपास चाल. आम्ही चौघे, एक वाटाड्या, दोन घोडे. तंबू, शिधा आणि स्वयंपाकाचं सामान घोड्यांवर, स्वतःची सॅक स्वतःच्या पाठीवर. माझी अकरा किलो भरली होती.

ज्यांनी सह्याद्रीत दोन-तीन मोठे ट्रेक केलेत, पाठीवर सॅक घेऊन सात-आठ तास चालतात, त्यांच्यासाठीच हे लिहितोय. बाकीच्यांनी आधी सहा महिने घाट तुडवावेत.

पहिला आणि दुसरा दिवस: छान. भूर्जाची झाडं, कुरणं, विशनसर निळा. पुढे.

गडसर खिंडीचा चढ खडा आहे, खोटं नाही. पण पायवाट मळलेली आहे, पायाखाली माती आहे, आणि सकाळी सातला निघालं की ऊन डोक्यावर यायच्या आत माणूस वर पोचतो. अर्ध्यावर मागे वळून पाहिलं की विशनसर आणि किशनसर एकाच नजरेत शेजारी शेजारी दिसतात. तिथे आमच्यातला डॉक्टर मित्र बसला तो उठेना. दम लागला म्हणून नव्हे. सांधण दरी आणि नाणेघाट करणाऱ्याला या खिंडीत घाबरण्यासारखं काही नाही, विरळ हवा सोडली तर. ती मात्र गंभीरपणे घ्या: सोनमर्गला एक पूर्ण दिवस थांबा, पाणी पीत राहा, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते निघण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरला विचारा. डोकं दुखायला लागलं आणि थांबलं नाही तर वर जाऊ नका. एवढं पुरे.

खिंडीपलीकडे गडसर. काश्मिरीत ‘गाड’ म्हणजे मासा, म्हणून माशांचं सरोवर. फुलं इतकी की तंबूला जागा शोधताना पाय कुठे ठेवायचा कळेना. हा ट्रेकचा सर्वांत सुंदर मुक्काम, आणि याबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय, त्यामुळे मी थांबतो.

एक काम मात्र विसरू नका. या वाटेवर लष्कराच्या चौक्या आहेत आणि ओळखपत्र तपासतात. मूळ आधार कार्ड सॅकच्या वरच्या कप्प्यात, दोन-तीन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. आमच्या भाच्याने आधार मोबाईलमध्ये ठेवलं होतं आणि मोबाईल थंडीने बंद पडला. जवानांनी सोडलं, पण अर्धा तास गेला. जवानांचे आणि चौकीचे फोटो काढू नका, हे सांगायला लागू नये. निघण्यापूर्वी मार्ग खुला आहे ना, हे श्रीनगर किंवा सोनमर्गला विचारून घ्या. सुरक्षेच्या कारणाने इथले मार्ग अचानक बंद होऊ शकतात. आणि प्रीपेड सिम घरी ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. वर कुठलंच चालत नाही, आणि हा मुद्दा पुढे येणार आहे.

सातसर ते झाज खिंड या टप्प्यात धोंड्यांचा एक पट्टा लागतो. मोठमोठे दगड, मधे फटी, काही हलतात. तिथे घाई केली की घोटा गेला. आम्ही सावकाश गेलो, कुणालाही काही झालं नाही. खिंडीच्या माथ्यावरून गंगबल आणि नुंदकोल पहिल्यांदा दिसतात, मागे ५१४२ मीटरचा हरमुख, त्यावरून लोंबणारी हिमनदी. मी तिथे, खरं सांगतो, ओरडलो. वाटाड्या हसला. गंगबलला काश्मिरी पंडितांची यात्रा असते, भाद्रपद शुद्ध अष्टमीला. आपल्याकडे गौरी येतात त्याच सुमाराला. तलावात अस्थी विसर्जन करण्याची त्यांची जुनी रीत आहे. इतका वेळ ज्या तलावांकडे आम्ही ‘कॅमेरा काढ’ म्हणून बघत होतो, त्यातला एक कुणाचा तरी त्र्यंबकेश्वर निघाला. संध्याकाळी फार बोललो नाही.

आरामाचा दिवस झाला. आणि इथे सगळी गडबड सुरू होते, कारण आराम केल्यावर माणूस गाफील होतो.

सातव्या दिवशी सकाळी आम्ही काय काय केलं, त्याची यादीच आहे. उशिरा उठलो. तलावाकाठी फोटो काढले. पोहे दोनदा खाल्ले. घोडेवाला चाचा सामान बांधत होता तेव्हा आमच्यातल्या दोघांनी काठ्याही त्याच्याकडे दिल्या: “अब तो बस उतरना है, साहब,” असं तोच म्हणाला होता. पाण्याच्या बाटल्या अर्ध्याच भरल्या, कारण सहा दिवस पावलोपावली झरे होते. साडेनऊला निघालो. घोडे केव्हाच पुढे गेले होते आणि त्यांच्याबरोबर काठ्याही.

हा दिवस आहे तरी काय ते आकड्यांत सांगतो. गंगबलची उंची साधारण ३५०० मीटर, नारानागची साधारण २२००. म्हणजे एका दिवसात तेराशे मीटर खाली. कळसूबाई उतरून बारीत आलात, आणि तिथे कुणीतरी सांगितलं की आता न थांबता राजगडही उतरून दाखवा, जवळपास तसं. पण तेराशे मीटर सारखे वाटलेले नाहीत. सुरुवातीला कुरणांतून चढ-उतार, थोडं खाली, थोडं वर, ट्रंकोलपर्यंत. इथे आपल्याला वाटतं, बघ, म्हणाले होते तसंच. बकरवालांची, म्हणजे इथल्या मेंढपाळांची, दगड-लाकडाची घरं, मेंढ्या, कुत्री. (कुत्र्यांपासून लांब राहा, कळपाच्या मधून जाऊ नका; ती मेंढ्यांची राखण करतात, आपली ओळख ठेवत नाहीत.) एका घरात नून चहा मिळाला, खारा, गुलाबी. मला आवडला, भाच्याला नाही. तिथे बाटल्या भरायला हव्या होत्या. नाही भरल्या.

ट्रंकोल सोडलं की वाट जंगलात शिरते आणि मग ती जवळपास सगळी उंची एकदम फेडून घेते. देवदार आणि पाइनचं रान, नागमोडी वळणं, एकामागून एक. पायाखाली पाइनच्या सुया पसरलेल्या, त्याखाली बारीक मुरूम, मधे मधे उघडी मुळं. आपल्याकडे घसारा म्हणतो तो, पण वरून सुयांची चादर घातलेला, म्हणजे दिसत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता. जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे घोड्यांच्या खुरांनी चिखलाचे खळगे केले होते, एकेक वीतभर खोल. वळणावरून खाली पाहिलं की नाल्याचा आवाज येतो. पहिल्या वळणावर वाटतं अर्ध्या तासावर आहे. चौथ्या तासाला तोच आवाज, तितकाच लांब.

गुडघ्यांचं काय होतं ते सांगतो. चढताना दम लागतो, पण थांबलं की परत येतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच ब्रेक मारत राहतो, प्रत्येक पावलाला, हजारो पावलं. तो थकला की वजन गुडघ्यावर येतं. दोन वाजता माझ्या मांड्या आपोआप थरथरायला लागल्या. डॉक्टर मित्राने पाठीमागून चालत सांगितलं, “पाय सरळ ठेवून टेकू नकोस, वाकवून टेक. पावलं छोटी.” मग स्वतःच घसरून बसला. तोही काठीविना होता.

आणि नखं. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा टोकाला आदळतो. एकदा आदळला तर काही नाही. पाच हजारदा आदळला की नखाखाली रक्त साकळतं. सहा दिवस हे बूट मला अगदी बेताचे वाटले होते. बेताचे बूट चढाला चालतात. उताराला अर्धा नंबर मोठे लागतात, लेस घोट्यापाशी करकचून, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नखं कापलेली. मी कापली नव्हती, कारण नेलकटर सामानात कुठेतरी तळाशी होतं.

पाणी साडेतीनला संपलं. उतारावर आम्हाला एकही झरा दिसला नाही. शेवटचे दोन तास चौघांमध्ये एक संत्र्याची गोळी आणि वाटाड्याच्या बाटलीतले चार घोट.

खाली पोचलो तेव्हा चाचा दीड-दोन तास आमची वाट बघत चहा पीत बसला होता. काठ्या घोड्याच्या पाठीवर तशाच बांधलेल्या. त्याचा राग नाही, तो त्याच्या पायांच्या हिशोबाने बोलला होता. माझा राग पुण्यात बसून ‘नुसतं उतरायचं’ म्हणणाऱ्यांवर आहे, जे बहुतेक स्वतः काठ्या घेऊन उतरले आणि विसरले.

आता गाडी. सकाळी आणि दुपारी नारानागहून कंगनपर्यंत शेअर सुमो मिळते, आणि कंगन श्रीनगर-सोनमर्ग रस्त्यावर असल्याने तिथून पुढे गाड्यांचा प्रश्न नसतो. पावणेसहाला तिथे एकच गाडी उभी होती आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. चालकाने आमच्याकडे पाहिलं: चिखलाने भरलेले बूट, चौघे लंगडणारे. सहा हजार पाचशे. कारण? “रात हो जाएगी, खाली वापस आना पड़ेगा.” रात्र व्हायला अजून दीड तास होता. घासाघीस केली, तो काच वर करायला लागला. दिले. हॉटेलमालकाने नंतर सांगितलं की दुपारी हाच प्रवास निम्म्याहून कमी पैशांत झाला असता. म्हणजे पोह्यांची दुसरी वाटी आम्हाला साडेतीन हजारांना पडली.

जाणाऱ्यांनी एवढं करा. ज्या गाडीने सोनमर्गला जाल, त्याच चालकाशी परतीची तारीख, वेळ आणि पैसे आधीच ठरवा, कारण वर फोन लागत नाही. वेळ दुपारी चारची सांगा, बाराची नाही. थोडं आगाऊ द्या, सगळं नको. विमान त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं घ्या. शेवटच्या दिवशी सहा-साडेसहाला निघा, तलाव आदल्या दिवशी डोळे भरून पाहून घ्या. दोन्ही काठ्या हातात, उतारावर थोड्या लांब केलेल्या. ट्रंकोलला प्रत्येकी दोन लिटर पाणी. गुडघ्याचा पट्टा असेल तर दुखायला लागल्यावर नाही, ट्रंकोललाच बांधा. नखं कापा. आणि सराव करताना नुसतं चढू नका: पर्वतीच्या १०३ पायऱ्या सॅक घेऊन चढायच्या आणि सॅक घेऊनच उतरायच्या, पंधरा-वीस फेऱ्या. तुमचा कस उतरताना लागणार आहे.

नारानागला आठव्या शतकातल्या शिवमंदिरांचे अवशेष आहेत, वाट संपते तिथून जवळच. आम्ही ते गाडीच्या खिडकीतून पाहिले. लवकर पोचलात तर उतरून पाहा.

विचाराल तर पुन्हा जाईन का? उद्या. नवे बूट घेतलेत, अर्धा नंबर मोठे. उजव्या अंगठ्याचं नख गणपतीत पडलं, डाव्याचं दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत, आणि नवीन आलंय ते जरा वाकडं आहे.