आमची वाटचाल : ‘डी’ घेतलं आणि ‘ई’ आलं

आमचा धंदा टॉवरवरून ग्राहकांना बिनतारी इंटरनेट द्यायचा. सुरुवातीची वर्षं वायफायवर गेली, ती चांगली गेली. पण टॉवरवर ग्राहक वाढले तशी रडगाणी सुरू झाली. वायफायचा नियमच असा, की हवा मोकळी वाटली की बोलायचं. एका खोलीत ते चालतं. आमच्या ग्राहकांचे रेडिओ एकमेकांना ऐकूच यायचे नाहीत, त्यामुळे सगळे एकदम बोलायचे आणि पॅकेट एकमेकांवर आदळायची.

802.16, म्हणजे वायमॅक्स, या बिनतारी इंटरनेटच्या दुसऱ्या मानकात हा गोंधळच नाही. कोणी कधी बोलायचं हे बेस स्टेशन, म्हणजे टॉवरवरचा मुख्य रेडिओ, ठरवतं आणि व्हॉइससाठी ठरावीक वाटा राखून ठेवतं. ते मानक वाचून मी हरखलो होतो. माझं मत आजही बदललेलं नाही.

2006 मध्ये कर्ज काढून 802.16-2004 ची, म्हणजे एका जागी बसवायच्या ‘डी’ आवृत्तीची, दोन बेस स्टेशनं घेतली. त्याच मानकाचं मोबाइलसाठीचं ‘ई’ डिसेंबर 2005 मध्येच मंजूर झालं होतं. फक्त त्याचा माल बाजारात यायचा होता. ‘डी’चं पुढे ‘ई’ करता येईल का, असं मी विक्रेत्याला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, “काळजी नको, नुसतं सॉफ्टवेअर टाकायचं.”

ते सॉफ्टवेअर आलंच नाही. येणार तरी कसं? सिग्नल बारीक उपवाहकांत वाटायची दोघांची पद्धतच वेगळी : आमच्या ‘डी’त 256 उपवाहकांचं ठरलेलं ओएफडीएम, ‘ई’त चॅनेलच्या रुंदीप्रमाणे उपवाहकांची संख्या बदलणारं ओएफडीएमए. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. हे विक्रेत्याला माहीत होतं, याचा राग अजून गेलेला नाही. पुढे ग्राहकाकडे लावायचे डबेही मिळेनासे झाले. त्यातच एक मोठी कंपनी ‘ई’ घेऊन आमच्या भागात उतरली. त्यांची माणसं आमच्याच ग्राहकांच्या दारात जाऊन सांगायची, “यांचं तंत्रज्ञान मेलंय.” निम्मे ग्राहक गेले. अकरा महिने मी स्वतः पगार घेतला नाही.

छापखान्याचे काका मात्र हलले नाहीत. एकदा भर पावसात त्यांची लिंक गेली. माझा भागीदार वर चढला, अँटेनाची केबल जोडणारा एन-कनेक्टर उघडला, तर आतून पाण्याचा थेंब ओघळला आणि मधली पिन हिरवी पडलेली. त्यानं नवा कनेक्टर बसवला, रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळली, वरून काळी टेप. काका तासभर खाली छत्री घेऊन उभे होते. मोठ्या कंपनीच्या माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, डिश फिरवताना सिग्नलचा पहिला उंचवटा मिळाला की नट आवळू नका. तो साइड लोब, म्हणजे मुख्य झोताच्या बाजूचा कमजोर झोत, असू शकतो आणि तिथे पंधरा-वीस डेसिबल सहज जातात. दोन्ही बाजूंना सिग्नल पडेपर्यंत फिरवा, मग मध्यावर या. आणि नुसतं समोरचं टोक दिसलं म्हणून लिंक टाकू नका. सरळ रेषेभोवतीची जी जागा सिग्नलसाठी मोकळी लागते ती फ्रेनेल झोन; दहा किलोमीटरवर 5.8 गिगाहर्ट्झला तिची त्रिज्या मध्यावर अकरा मीटरच्या वर जाते. झाडं वाढतात, हेही धरा.

2009 मध्ये वायफायचं नवं मानक 802.11एन आलं. त्याच चिपवर उत्पादकांनी स्वतःचं टीडीएमए, म्हणजे प्रत्येकाला बोलायची ठरावीक वेळ देणारी पद्धत, बसवलेले रेडिओ काढले आणि वेळ वाटून देण्याची 802.16 मधली ती शिस्त आम्हाला स्वस्तात मिळाली. त्या जोरावर कर्ज फिटलं. एलटीई, म्हणजे मोबाइलचं 4जी, पसरल्यावर त्या मोठ्या कंपनीनं आपलं ‘ई’ बंद केलं, तेव्हा आमचे बरेच जुने ग्राहक परत आले. कनेक्शन जोडायला भागीदारच गेला.

काकांच्या गच्चीवर आता तिसरा रेडिओ आहे. खांब आणि क्लॅम्प मात्र पहिलाच, भागीदारानं आवळलेला.