कोरकू येते म्हणून कोरकूतून शिकवता येईलच असं नाही

मेळघाटात पहिलीत बसलेलं पोरगं घरी कोरकू बोलतं, धारणीच्या बाजारात हिंदी ऐकतं कारण मध्य प्रदेश लागूनच आहे, आणि मराठी त्याच्या कानावर नीट पडते ती शाळेत आल्यावर. म्हणजे बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा. समोर उभे असलेले गुरुजी कधी अमरावतीचे, कधी बुलढाण्याचे, कधी पार मराठवाड्यातले. दोन वर्षं डीएलएड (शिक्षक होण्याची पदविका) केलेलं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास, सगळं रीतसर, पण वर्गाला आपली भाषाच कळत नसेल तर पहिल्या दिवशी करायचं काय हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. त्यात त्यांचा दोष नाही, आपण त्यांना तयारच तसं करतो.

साधी गोष्ट बघा. मूल "आई आला" म्हणतं आणि आपण दहा वेळा "आली म्हण, आली" करतो, ते गप्प होतं आणि मग बोलतच नाही. कोरकू मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या घरातली भाषा, तिच्यात मराठीसारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, सजीव-निर्जीव असा भेद आहे. म्हणजे ते मूल चुकत नाहीये, त्याच्या भाषेच्या नियमाने बरोबर चाललंय! उलट आपलं "आपण" आणि "आम्ही" हिंदीवाल्याला समजावताना नाकी नऊ येतात, पण कोरकूत तो फरक आधीपासून आहे त्यामुळे ह्या पोरांना तो पटकन कळतो. एवढं जरी शिक्षकाला आधी माहीत असलं तरी वर्गातला सूर बदलतो हो.

आता लोक म्हणतात की मग स्थानिक कोरकू तरुण भरा, प्रश्न मिटला. भरलेच पाहिजेत, त्याबद्दल वादच नाही. पण मी ट्रेनिंगमध्ये ज्या कोरकू शिक्षकांसोबत बसते त्यांचं स्वतःचं अख्खं शिक्षण मराठीत झालंय, शाळेत कोरकू बोललं की ओरडा बसायचा, त्यामुळे भाषा येत असूनही वर्गात वापरायला ते बिचकतात. एकाने मला सरळ विचारलं, "मॅडम, तपासणीला साहेब आले आणि मी कोरकूत बोलताना दिसलो तर?" ही भीती आधी घालवावी लागते, ती नुसत्या जीआरने जात नाही.

मग आम्ही प्रत्यक्ष करून बघतो. विषय मोहफुलं वेचायचा. आधी सगळं कोरकूत, पहाटे कोण उठतं, टोपली कोणाची, वाळवायची कुठे, आणि एरवी भिंतीला टेकून बसणारी पोरं एकमेकांचं बोलणं तोडून सांगायला लागतात. मग त्यांचीच दोन वाक्यं देवनागरीत फळ्यावर, कोरकू तशीच, आणि त्याच्या शेजारी मराठी. पण मराठीत बोलताना प्रत्येक ओळीचं लगेच कोरकूत भाषांतर करायचं नाही हा माझा हट्ट असतो, कारण मग मुलं मराठीची वाट बघतच नाहीत, कोरकू येईपर्यंत कान बंद ठेवतात.

ओडिशाने 2006-07 पासून 10 आदिवासी भाषांत घरच्या भाषेतून शिकवायचं हे काम सुरू केलं आणि नंतर 21 पर्यंत नेलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असं लिहिलंय. कोरकू बोलणारे 2011 च्या जनगणनेत 7 लाखांवर होते, म्हणजे चार घरांची भाषा नाही ही. तरी आपल्याकडे डीएलएडच्या मुलांची इंटर्नशिप बहुतेक कॉलेजजवळच्याच शाळांत होते. निदान आमच्या विभागातल्यांना महिनाभर धारणी-चिखलदऱ्याला पाठवा, सोबत अंगणवाडीच्या सेविका ताईला त्यांना कोरकू शिकवायला बसवा आणि तिला त्याचं मानधन द्या. आणि जो शिक्षक धडपडून कोरकू शिकलाय त्याची बदली करताना, त्याची स्वतःची तयारी असेल तर, त्याला परत कोरकू मुलांच्याच शाळेवर द्या, कारण नाहीतर नवा माणूस येतो आणि ती पोरं पुन्हा पहिल्यापासून गप्प बसतात.