चौथा सेंटिमेंटी

लुचिदियो सेंटिमेंटी हा गोलकीपर. पण इटलीत त्याला नुसतं सेंटिमेंटी म्हणून भागत नसे, 'सेंटिमेंटी चौथा' म्हणावं लागे. मोदेनाजवळच्या बोम्पोर्तोचे हे पाच भाऊ, पाचही फुटबॉलपटू. एकाच आडनावाचे खेळाडू ओळखू यावेत म्हणून तिकडे नावापुढे रोमन आकडे लावायचे, राजेरजवाड्यांना लावतात तसे. हा १९२० चा, चौथा.

थोरला भाऊ असलेल्यांना यातली गोम वेगळी सांगायला नको. नव्या वर्गात हजेरी घेताना मास्तर आडनावापाशी थबकतात, चष्म्यावरून बघतात. "अमक्याचा धाकटा का रे तू?" थोरल्याने गणितात नव्वदच्या वर पाडले असतील, तर धाकट्याचे भोग तिथूनच सुरू. लुचिदियोचं तर आणखी अवघड. दुसरा भाऊ आर्नाल्दो हाही गोलकीपरच, नापोली क्लबचा; आणि लीगमध्ये सलग नऊ पेनल्टी अडवलेला!

१९४२ मध्ये लुचिदियोचा क्लब मोदेना आणि नापोली समोरासमोर आले. मोदेनाला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला लुचिदियो आपला गोल मोकळा टाकून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. (पायात तेवढी करामत होती, पुढे जुव्हेंटसने त्याला काही सामन्यांत चक्क पुढच्या फळीत खेळवलं.) समोर सख्खा भाऊ. हा कुठे मारणार आणि तो कुठे झेपावणार, हे दोघांनाही लहानपणापासून पाठ असणार. गोल झाला. नऊंचा दहा काही झाला नाही. त्या दिवशी आईने कोणाची बाजू घेतली असेल, हा प्रश्न मला सामन्याच्या निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो. माझं मत आर्नाल्दोला.

११ मे १९४७ ला तुरीनमध्ये हंगेरीविरुद्ध इटलीच्या संघाचे प्रशिक्षक वित्तोरिओ पोत्सो यांनी तोरिनो क्लबचे दहा खेळाडू उतरवले. अकरावा, गोलमध्ये, हा. तोही तोरिनोच्या हाडवैरी जुव्हेंटसचा, आणि तोरिनोचा स्वतःचा गोलकीपर बाचिगालुपो हाताशी असताना! इटली ३-२ जिंकली. पुढे ४ मे १९४९ ला लिस्बनहून परतणारं तोरिनोचं विमान सुपेर्गाच्या टेकडीवरच्या चर्चला धडकलं. त्या दहांतले नऊ गेले. दहावा, फेरारिस, आधीच क्लब सोडून गेला होता म्हणून वाचला. बाचिगालुपोही गेला. यावर शहाणपणाचं काही लिहायला माझा धीर होत नाही. पुढच्या वर्षी इटलीचा संघ विश्वचषकासाठी ब्राझीलला बोटीने गेला, यात काय ते आलं. तिथे स्वीडनने ३-२ हरवलं तेव्हा गोलमध्ये चौथाच होता. पुढच्या सामन्याला गोलमध्ये मोरो उभा राहिला.

तोवर लुचिदियो रोमच्या लात्सिओ क्लबात गेला होता. माणूस चिवट; ९४ वर्षं जगला. लात्सिओत तिसरा वित्तोरिओ आणि पाचवा प्रिमो हेही त्याच्याच संघात. म्हणजे गोलमधून चौथ्याने "सेंटिमेंटी!" म्हणून हाक मारली, की दोघांनी वळून बघायचं.