फोड, काकवी आणि नऊ दिवसांची नोव्हेना

पहाटे साडेचारला कळंब्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला पहिल्यांदा रस्त्याखाली उतरवलं, तेव्हा जपमाळेचं तिसरं दहाक, म्हणजे दहा मण्यांचा तिसरा टप्पा, चालू होतं. मागं दोन ट्रॉल्या, लाल दिवा एकीलाही नाही, आणि वर फुल्ल आवाजात गाणी. दोन 'नमो मरिया' प्रार्थनांच्या मध्ये माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नोव्हेंबरअखेर कोल्हापुरातनं पायी निघायचं तर गळीत हंगाम धरूनच निघावं. रस्त्याच्या उजव्या कडेनं चालावं, म्हणजे येणारं वाहन समोर दिसतं. पाठीवर चमकणारी पट्टी लावावी. आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात बॅटरी द्यावी, पहिल्याच्या नव्हे. आमच्यात पहिल्या दिवशी बॅटरी म्होरक्याकडं होती, कारण तो म्होरक्या होता.

जुन्या गोव्यातलं संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला. त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. कोल्हापूर ते जुनं गोवं, गारगोटी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, म्हापसा असं धरलं तर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. नऊ दिवसांत बसवलं की रोजचे पंचवीस पडतात. पहाटे चार ते दहा चालायचं, दुपारी आडवं व्हायचं, तीनला परत उठायचं. सामान टेम्पोत, पाठीला फक्त पाणी, मोजे आणि पवित्र शास्त्र. पाच दहाकांची जपमाळ वीस मिनिटांत होते, म्हणजे चालीत दीड किलोमीटर. दुसऱ्या दिवसापासून मी अंतर त्यातच मोजायला लागलो. गारगोटी अजून सहा जपमाळा लांब.

खरं तर मी या कॅथलिक जथ्यातला नव्हेच. आमचं घर प्रॉटेस्टंट. १८५२ साली मिशन कोल्हापुरात आलं, तेव्हापासून इथं जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली त्यातलं. आमच्याकडं संतांना नवस बोलत नाहीत, मेणबत्त्या लावत नाहीत. आत्या म्हणाली, "पंढरीला जाणाऱ्यांना आपण काय सांगत आलो आणि तू काय करायलास?" मी म्हटलं, चालून येतो नुसतं. गेलं वर्ष कसं गेलं ते इथं काढत नाही. एवढंच, की प्रार्थनेला बसलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा आणि लाज वाटायची.

अशा वर्षात माणसं काय काय बोलतात! "देव परीक्षा बघतोय." "देव झेपेल तेवढंच देतो." हे दुसरं वाक्य जथ्यातल्या एका सद्गृहस्थांनी मला इस्पुर्लीच्या अलीकडं तीन वेळा ऐकवलं, वचनाचा आधार देऊन. आधार १ करिंथ १०:१३ चा, म्हणजे बायबलातल्या पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. तिथं 'परीक्षा' शब्द आहे खरा, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कसोटीही होतो आणि मोहही. आधीच्या वचनांत मूर्तिपूजा आहे, व्यभिचार आहे, कुरकुर आहे. म्हणजे मोहातून निघायला वाट ठेवलेली असते, असं पौल सांगतोय. आजारपण आणि मरण तुमच्या ताकदीच्या मापानं कापून देतात असं तो म्हणत नाही. उलट त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, आठव्या वचनात, तो सांगतो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार आला, जगण्याचीसुद्धा आशा राहिली नव्हती. शक्तीपलीकडे. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं, जरा चढ्या आवाजात. ते गप्प झाले आणि मला दोन किलोमीटर वाईट वाटत राहिलं. संध्याकाळी त्यांनीच माझी पथारी टेम्पोतनं काढून आणून दिली.

जथ्यात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्या कमी बोलायच्या. ज्याच्या फेस्ताला निघालो होतो त्या फ्रान्सिस झेवियरचा गुरू आणि साथी म्हणजे संत इग्नेशियस. तोफेच्या गोळ्यानं पाय मोडून अंथरुणाला खिळला तो १५२१ साली. मन कोरडं पडलेल्या दिवसांसाठी त्यानं नियम घालून दिलेत, ते सिस्टरांना पाठ. एक, अशा काळात आधी ठरवलेलं बदलायचं नाही. मन ताजं असताना जे ठरवलं, त्यालाच धरून राहायचं, कारण या दिवसांत सुचणारा सल्ला भरवशाचा नसतो. दोन, तासभर बसायचं ठरलंय आणि जीव उठायला बघतोय, तर तास पुरा करून वर थोडं जास्तच बसायचं. मला हे दुसरं फार कडक वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "थोडं म्हणजे दोन मिनिटं हो. दोन तास नव्हे."

मग त्यांनी आपणहून आणखी एक सांगितलं, ते इग्नेशियसचं नव्हतं. दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, मरणाचे विचार येतायत, तर ते मनाचं कोरडेपण समजून नोव्हेना वाढवत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. त्याच दिवशी. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. माझ्याकडं न बघता बोलल्या, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आता फोड.

दुसऱ्या दिवशी मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं डाव्या टाचेला आला. चूक माझीच. बूट नवे. मोजे सुती, पहाटेच्या दवानं भिजलेले, आणि मी ते बदलले नाहीत. नाडी घोट्याशी सैल बांधलेली, त्यामुळं दर पावलाला टाच अर्धा सेंटिमीटर वर-खाली घासत होती. ओल, ऊब आणि घासणं, तिन्ही जमली की कातड्याचे थर सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. हे सगळं मला निघायच्या आधीपासून माहीत होतं. चुरचुर सुरू होते त्याच क्षणी थांबून कागदी टेप लावायची असते. मी थांबलो नाही, कारण पुढं त्या झेपेलवाल्या गृहस्थांची पाठ दिसत होती आणि त्यांच्या मागं पडायचं नव्हतं.

दुपारपर्यंत फोड रुपयाएवढा झाला. जथा पुढं गेला. 'हळूहळू या' म्हणून टेम्पोही गेला. रस्त्याकडेला गुऱ्हाळ दिसलं, तिथं बसलो. चरकी चालू, चुलवाणात चिपाडं घालणारा पोरगा घामानं निथळलेला, काहिलीवरची मळी गुळव्या काढत होता. भेंडीचं पाणी घातल्यावर फेस कसा वर येतो ते मी उगाच बघत राहिलो. काहिलीकडनं चिपाडं उचलत एक बाई आली. साठीच्या पुढची, गळ्यात तुळशीची माळ. माझ्या तोंडाकडं न बघता तिनं पायाकडं बघितलं.

"कुठली दिंडी, माउली?"

दिंडी नाही, आम्ही ख्रिश्चन, गोव्याला सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, फेस्ताला चाललोय, असं मी सांगितलं. उगाच जरा जास्तच सविस्तर.

"मग काय पाय येगळं असत्यात व्हय? काढा बूट."

बादलीत कोमट पाणी, मूठभर मीठ. दहा मिनिटं पाय आत. मी आणखी ठेवायला बघत होतो तर हातावर चापट बसली. जास्त भिजलं की कातडं मऊ पडून सुटतं म्हणाली. मग टाच फडक्यानं टिपून कोरडी केली. सुई चुलवाणाच्या जाळात धरली, गार होऊ दिली. फोड मधोमध फोडला नाही. खालच्या कडेला, जिथं पाणी आपसूक उतरेल तिथं, दोन बारीक टोचे. फडक्यानं हलकं दाबून पाणी काढलं. वरचं कातडं तसंच ठेवलं, कारण तीच आतल्या जिवंत कातडीची पट्टी. काही वारकरी फोडातनं दोरा ओवून ठेवतात ते मी विचारलं. "त्ये करू नगा. दोऱ्यासंगं घाण आत जाती." माझ्या पिशवीत आयोडिनचं मलम होतं, ते लावलं. वर तिच्या जुन्या धोतराची पट्टी, तिच्यावर माझी टेप. मग मोजे बघितले आणि नाक मुरडलं. दर दोन तासांनी बदलायचे, ओले पिशवीला बाहेरनं टांगायचे म्हणजे चालता चालता वाळतात. नाडी घोट्याशी घट्ट, बोटांशी सैल. घाट उतरताना तर आणखी घट्ट, नाहीतर नखं काळी पडतात.

मग ताटलीत भाकरी आणि काकवी आली. गरम. मी खाल्लं आणि तिथंच चिपाडांच्या ढिगाला टेकून झोपलो. उठलो तेव्हा काहील उतरवून झाली होती, म्हणजे दोन-अडीच तास गेले असतील. कुणी उठवलं नव्हतं. पैसे विचारल्यावर तिनं असं बघितलं की पाकीट अर्ध्यावरच आत ठेवलं.

आजऱ्याच्या अलीकडं कुठंतरी डोक्यात आलं, की बायबलातल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला समजावत नाही, झापतही नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदा भाकर. मगच चाळीस दिवसांची चाल. हे मी शेकडो वेळा वाचलंय, रविवारच्या शाळेत शिकवलंय. 'परत झोपतो' हे शब्द कधी दिसलेच नव्हते.

बायबलातली आरोहणस्तोत्रं, यात्रेत म्हणायची, पंधरा, १२० ते १३४. ती नऊ दिवसांत वाटून घेतली होती. सहा दिवस सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस फक्त सकाळी. आंबोलीला १२१ आलं, 'मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो', आणि आम्ही घाट उतरत होतो, दृष्टी खालच्या खडीवर. गुडघे बोलायला लागले होते. १३० वं, खोल स्थळांतून धावा करणारं, सावंतवाडीच्या पुढं एका शाळेच्या व्हरांड्यात, डासांत. त्या रात्री सिस्टरांनी सगळ्यांना कागद दिले. स्तोत्र १३ सारखं लिहा म्हणाल्या. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणं, आणि जमलं तर शेवटी भरवसा. त्या स्तोत्रात 'कोठवर' हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो, म्हणजे तक्रारीला कंजुषी नको. माझ्या कागदावर तक्रार पान भरून उतरली, मागणं दोन ओळी. चौथी जागा मोकळी राहिली. सिस्टर म्हणाल्या राहू दे, ८८ वं स्तोत्रही अंधारातच संपतं आणि तरी ते पुस्तकात आहे.

बांदा, पत्रादेवी, म्हापसा. फोड वाळला. पणजी-रायबंदरचा तो १६३०च्या दशकातला लांबलचक पूल, तीन किलोमीटरवर, कडेला खाऱ्या पाण्याचं खाजण, आणि टाळूवर ऊन.

जुन्या गोव्यात तीन तास रांग. पुढचा माणूस मोबाइलवर जोरजोरात जागेचा व्यवहार करत होता. झेवियरच्या चांदीच्या पेटीकडं मान वर करून बघायला मिळालं ते मिनिटभर. चीनला जायचं म्हणून तो सांचियान बेटावर थांबला होता. चोरून किनाऱ्यावर नेतो म्हणालेला व्यापारी आलाच नाही. वाट बघता बघता तापानं गेला, ३ डिसेंबर १५५२ ला, वयाच्या ४६ व्या वर्षी. ज्या कामासाठी निघाला ते झालंच नाही, आणि एवढी माणसं त्याच तारखेला इथं चालत येतात. मी मेणबत्ती लावली नाही. गुडघे मात्र टेकले, उठताना त्या झेपेलवाल्या गृहस्थांनी हात दिला.

डिसेंबरात धोतराची पट्टी धुऊन, अर्धा किलो कॉफी घेऊन मोटरसायकलवरनं गुऱ्हाळावर गेलो. काहील तापलेली होती. बाईनं कॉफी बाजूला ठेवली, खाली बघितलं.

"बसा. डावा काढा बगू."